साहेबाचे जाकीट

दिवाळीपूर्वी माळा झाडणे हे काम मला मनापासून आवडते. त्यात स्वच्छतेचा भाग फार थोडा असतो. खरा भाग असतो तो जुन्या वस्तू हातात घेऊन बसण्याचा. पितळेचा बंब, कान उडालेल्या बरण्या, आकाशकंदिलाचा कामट्यांचा सांगाडा, कोणाची तरी बिनकाचेची तसबीर. एकेक वस्तू खाली येते, तिच्यावरून फडके फिरते आणि ‘असू दे, लागेल कधीतरी’ असे म्हणून ती पुन्हा वर जाते. माळा त्यामुळे कधी रिकामा होत नाही. फक्त दर वर्षी त्याची नव्याने ओळख होते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाच्या कोथरूडच्या घरी असाच माळा उतरवताना एक काळी पत्र्याची ट्रंक खाली आली. झाकण उघडताच डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि त्या वासाच्या आड दुसरा एक वास आला. तो ओळखायला मला क्षणभरही लागला नाही. तो माझ्या लहानपणच्या दिवाळीच्या पहाटेचा वास होता. ट्रंकेत अण्णाकाकांचे चामड्याचे जाकीट होते.

अण्णाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. दुसऱ्या महायुद्धात ते एका लष्करी कंत्राटदाराकडे कारकून म्हणून आसामात गेले होते. चबुआच्या विमानतळाजवळ त्या कंत्राटदाराचे कोठार होते. तेथून अमेरिकन विमाने सामान भरून निघत आणि हिमालयाच्या पूर्वेकडील डोंगर ओलांडून चीनमध्ये कुनमिंगला उतरत. ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेल्यामुळे चीनला रसद पोचवायला दुसरी वाटच उरली नव्हती. १९४२ पासून १९४५ पर्यंत त्या वाटेने सुमारे साडेसहा लाख टन सामान गेले आणि सुमारे सहाशे विमाने कामास आली. वैमानिक त्या डोंगरांना ‘हम्प’ म्हणत. हम्प म्हणजे उंटाची मदार. काका मात्र ‘कुबड’ म्हणत, आणि आम्हा मुलांना ते ऐकून खदखदून हसू येई.

युद्ध संपल्यावर काका पुण्याला परतले, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चिकटले आणि नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात सर्वांसारखेच राहू लागले. सर्वांसारखे नव्हते ते एवढे जाकीटच. आजीचा त्याला सक्त विरोध. ‘घोड्याचं कातडं’ असे कोणीतरी तिला सांगितले होते. तिने ते माजघराच्या आत कधी येऊ दिले नाही. ओसरीवरच्या एका खुंटीला ते वर्षभर लटकत असे. घरात त्याला ‘साहेबाचे जाकीट’ म्हणत. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान उरकून आम्ही पोरे कुडकुडत अंगणात आलो की काका ते अंगात चढवत. ठिणगी उडाली तरी भीती नाही म्हणून मोठे फटाके लावण्याचा मान त्यांचा. आणि मग भुईनळ विझून दोन घटका सगळे शांत झाले की गोष्ट.

गोष्ट छोटी होती. लढाई संपली. साहेब घरी निघाला. त्याने अंगातले जाकीट काढले, काकांच्या खांद्यावर टाकले आणि म्हणाला, “बाबू, आता मला याचं काम नाही. तू घाल.” एवढीच. पण काका ‘बाबू’ हा शब्द असा काही म्हणत की त्यात चबुआ, विमाने, कुबड, सगळे येई.

ही गोष्ट मी मोडली.

१९६५ सालची भाऊबीज. मी दहा वर्षांचा. सप्टेंबरात पाकिस्तानशी लढाई होऊन गेलेली. सगळ्या मुलांच्या तोंडी नॅट आणि सेबर यांचीच भाषा. पाहुण्यांनी ओसरी भरली होती. कोणीतरी जाकिटाची चौकशी केली आणि काकांनी गोष्ट सुरू केली. मी आदल्याच आठवड्यात आमच्या वडिलांना आईजवळ बोलताना ऐकले होते, “भेट कसली! डिस्पोजलमध्ये घेतलं असेल दीड रुपयाला.” युद्धानंतर लष्कराचा उरलासुरला माल ‘डिस्पोजल’ म्हणून विकला जाई. घोंगड्या, डबे, तंबू, बूट, काय हवे ते मिळे. तो शब्द मला फार आवडला होता. काका ‘तू घाल’ पर्यंत आले आणि मी मोठ्याने म्हणालो, “खरं सांगा काका, डिस्पोजलमधून दीड रुपयाला घेतलंत ना?”

ओसरी हसली. काकाही हसले. पण ते हसता हसता उठले, जाकीट खुंटीवर अडकवले आणि पुढच्या दिवाळीला त्यांनी ते घातले नाही. त्यानंतर कधीच घातले नाही. गोष्टही सांगितली नाही. १९९४ साली काका गेले. त्यांची क्षमा मागायची असे मी निदान वीस वेळा ठरवले असेल. पण एवढ्या लहान गोष्टीची क्षमा मागताना माणसाला उगीचच लाज वाटते, आणि ती लाज पुरी होईपर्यंत समोरचा माणूस थांबत नाही.

तर ते जाकीट ट्रंकेतून निघाले तेव्हा काकू तिथेच खुर्चीत बसली होती. तिने नव्वदी ओलांडलेली. पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. मी लेकीकडे अमेरिकेला जाणार हे तिला ठाऊक होते. ती म्हणाली, “तिकडचं आहे ते. घेऊन जा, दाखव कुणाला तरी. काय किंमत येते बघ.” तिच्या मुलालाही तेच वाटत होते. मला मात्र किंमत नको होती. मला पुरावा हवा होता. काका खरे बोलत होते असे कोणीतरी जाणत्या माणसाने सांगायला हवे होते.

आमची लेक ओहायो संस्थानात डेटन गावाजवळ राहते. योगायोग असा की हे जाकीट म्हणजे त्या गावाचीच माहेरवाशीण. डेटनजवळच्या राइट फील्डवर अमेरिकन लष्कराच्या वैमानिकी साहित्याची पारख होई. तिथल्या दप्तरात ‘ए-२’ या नावाने हा नमुना १९३१ साली मंजूर झाला. पुढे अनेक कारखान्यांनी तो शिवला आणि १९४३ मध्ये लष्कराने चामड्याऐवजी कापडी जाकिटे पत्करून नवी मागणी थांबवली. म्हणजे खऱ्या ए-२ चे आयुष्य अवघे बारा वर्षांचे. तिथे अमेरिकन हवाई दलाचे प्रचंड मोठे संग्रहालय आहे. काचेआड ठेवलेली तसली जाकिटे मी पाहिली. प्रत्येकाखाली नाव होते, पलटण होती, साल होते. आमच्या पिशवीतल्या जाकिटाला यांपैकी काहीच नव्हते.

एका रविवारी लेकीने मला जुन्या लष्करी सामानाच्या बाजारात नेले. आपला मंगळवार पेठेतला जुना बाजार डोळ्यांपुढे आणावा आणि त्यावर छप्पर घालून कॉफीचा वास सोडावा, म्हणजे झाले. एका कोपऱ्यात ऐंशीच्या घरातले एक म्हातारबुवा बसले होते. पन्नास वर्षे त्यांनी जाकिटांशिवाय दुसरे काही हाताळले नाही, असे लोकांनी सांगितले. मी पिशवी उघडली आणि लगेच काकांची गोष्ट सुरू केली. त्यांनी हात वर करून मला थांबवले.

“गोष्ट नंतर,” ते म्हणाले. “आमच्या धंद्यात एक म्हण आहे. जाकीट विकत घ्यावं, गोष्ट घेऊ नये. आधी त्याला बोलू द्या.”

मग पाऊण तास ते त्या जाकिटाशी बोलत राहिले आणि मी ऐकत राहिलो.

मला वाटले होते, ते आधी गळ्याच्या आतले लेबल पाहतील. त्यांनी ते अंगठ्याखाली झाकून ठेवले. लेबल हे सर्वांत शेवटी पाहायचे, कारण खोटे बोलायला सर्वांत सोपे तेच. आधी त्यांनी पाठ पाहिली. सरकारी नमुन्यात पाठ एकाच अखंड कातड्याची असते, मध्ये जोड नसतो. युद्धानंतर बाजारासाठी निघालेल्या नकलांत कारखानदार तुकडे जोडून पाठ करतात. मग खिसे पाहिले. दोनच, वरून शिवलेले, झाकणाला आतून टिचबटण. हात ऊबेला घालण्यासाठी बाजूने तिरपे खिसे असले, तर ते जाकीट वैमानिकाचे नव्हे, सिनेमा पाहून आलेल्या तरुणाचे. नंतर कॉलर. कॉलरच्या टोकांना टिचबटणे, गळ्याशी आकडा, खांद्यावर पट्ट्या. सरकारी आराखडा एकच असला तरी प्रत्येक कारखान्याचा कातरणारा निराळा. कोणाच्या कॉलरचे टोक लांब, कोणाच्या खिशाचा कोपरा गोल. म्हातारबुवांनी कॉलरवरून बोट फिरवले आणि एका कारखान्याचे नाव घेतले. मग अंगठा उचलून लेबल वाचले. लेबलावर तेच नाव होते. आराखड्याचा आकडा ३०-१४१५. मागणीच्या आकड्याची सुरुवात ४२ ने, म्हणजे १९४२ च्या सरकारी वर्षातली मागणी. कारखाना पेनसिल्व्हेनियातल्या मिडलटाउनचा.

“कॉलर एक नाव सांगते आणि लेबल दुसरं,” ते म्हणाले, “असं झालं की मी पिशवी परत देतो. इथं दोघांची साक्ष जुळते.”

आपल्याकडे जाणती बाई पैठणीचा पदर उलटा करून पाहते. दुकानदार सुलट बाजू पुढे करत असतो आणि तिचे लक्ष उलट बाजूकडे असते. तसेच हे. त्यांनी जाकीट उलटे केले, अस्तर चाचपले, मग झीज पाहिली. झीज करताही येते, ते सांगत होते. कातडे घासतात, भट्टीत गरम करतात, तेल लावून चुरगळतात. पण हे करणारा सगळीकडे सारखी झीज करतो. माणूस सारखा झिजवत नाही. तो उजव्या हाताने खिसा उघडतो, डावा कोपर खिडकीवर टेकतो, मान एकाच बाजूला कलती ठेवतो. आमच्या जाकिटाचा डावा कोपर उजव्यापेक्षा फिका झाला होता. कडांवरचा काळपट तपकिरी रंग जाऊन खालचा पिवळसर रंग उघडा पडला होता आणि तो रंग बोटाला लागत नव्हता.

पाठीवर चित्रे रंगवलेली जाकिटे सर्वांत महाग, हेही त्यांनी सांगितले. मोहिमेगणिक एक बॉम्ब, विमानाचे नाव, एखादी सुंदरी. लबाडी जास्त होते ती तिथे. खरे जुने साधे जाकीट घ्यायचे आणि त्यावर नवे चित्र काढायचे. पण रंग कातड्याबरोबर म्हातारा झाला असेल तर कातडे जिथे तडकले तिथेच रंगही तडकतो. नवा रंग मात्र जुन्या सुरकुतीच्या आत उतरून बसतो, जणू म्हातारपणी लावलेली पावडर.

यानंतर त्यांनी जांभळ्या उजेडाची एक छोटी विजेरी काढली. युद्धकाळात शिवण सुती दोऱ्याची असे. या उजेडात ती मंद राहते. अलीकडचे पुष्कळ कृत्रिम धागे मात्र निळसर पांढरे चमकतात. शिवणी अंधाऱ्या राहिल्या. पण अस्तरावर उजेड पडला आणि अस्तर जत्रेसारखे उजळले. म्हातारबुवांचा चेहरा पडला. माझ्या पोटात गोळा आला. तेवढ्यात मला आठवले. १९८० नंतर कधीतरी जाकीट माळ्यावर टाकण्यापूर्वी काकूने त्याचे अस्तर कपड्यांच्या पावडरीच्या पाण्याने पुसून काढले होते. मी ते सांगितले. म्हातारबुवा हसले. पावडरीत कपडे शुभ्र दिसावेत म्हणून जे घालतात ते याच उजेडात चमकते. त्यांनी शिवणीच्या आत दुमडलेली कड उसकटून पाहिली. जिथे काकूचे फडके पोचले नव्हते, तिथे अस्तर अंधारात होते.

“तुमच्या काकूंनी माझे दोन श्वास कमी केले,” ते म्हणाले.

मग दोष निघू लागले. झिप मूळची नव्हती. ती माझ्या लहानपणी तुटली आणि काकांनी जुन्या बाजारातून कसल्याशा लष्करी पिशवीची झिप आणून मोच्याकडून बसवून घेतली, हे मला आठवत होते. तिचे दात मोठे होते. मनगटाच्या आणि कमरेच्या विणलेल्या पट्ट्या तर उघडच परक्या. मूळच्या लोकरीला कसर लागल्यावर त्या काकूने घरी विणल्या होत्या, दोन सुलट दोन उलट, माझ्या शाळेच्या स्वेटरमधून उरलेल्या चॉकलेटी लोकरीच्या. म्हातारबुवा त्यांवरून हात फिरवत राहिले. म्हणाले, हे सगळे सुधारता येईल. त्या काळची जुनी झिप शोधून मिळते. पट्ट्या हुबेहूब मूळसारख्या विणून देणारे लोक आहेत. जपानी कारागीर तर असे जाकीट करतात की तेव्हाचा कारखानदारही फसेल. एवढे केले की जाकीट अस्सल दिसेल आणि काही हजार डॉलरला जाईल.

मी विचारात पडलो. नवी वीण घातली की ते अस्सल होणार आणि काकूची वीण ठेवली तर ते सदोष राहणार! त्यांच्या हिशेबात १९४५ नंतरचे प्रत्येक वर्ष म्हणजे एकेक डाग. आमच्या हिशेबात जाकिटाचे आयुष्य तिथून सुरू होत होते.

शेवटी त्यांनी छातीच्या डाव्या बाजूकडे बोट दाखवले. तिथे सुईच्या बारीक छिद्रांची एक लांबट चौकट होती आणि तिच्या आत कातड्याचा रंग बाहेरच्यापेक्षा गडद होता. मी ती चौकट लहानपणी पाहिली होती, पण तिचा अर्थ कधी विचारला नव्हता. “इथं त्याच्या नावाची पट्टी होती,” ते म्हणाले. “बरेच दिवस होती. आणि कुणीतरी ती सवडीनं काढली आहे. एकेक टाका बारीक कात्रीनं. ओढली असती तर छिद्रं फाटली असती.” मग त्यांनी उजवा खिसा वर करून कोपरा दाखवला. तिथली शिवण हाताची होती. मेण लावलेला सुती दोरा, आरीने पाडलेली भोके, टाके तिरपे. “हे आमच्याकडचं काम नाही. आणि हे झिपबरोबरचंही काम नाही. झिपचा दोरा नवा आहे. हा कोपरा फार जुना, जाकिटाएवढाच म्हणा. त्याच्यावर पुढं पुष्कळ झीज झाली आहे.”

“मग गोष्ट खरी?” मी विचारले आणि काकांची सगळी गोष्ट त्यांना सांगून टाकली.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, “जाकीट खरं आहे. ते आसामात होतं हेही मला खरं वाटतं. पण लेबल पुन्हा वाचा. त्यावर ‘अमेरिकन लष्कराच्या हवाई दलाची मालमत्ता’ असं लिहिलंय. वैमानिकाला ते सही करून मिळे. भेट द्यायला ते त्याचं नव्हतंच. तरी कुणी देत नसेल असं नाही. जाकीट मला एवढंच सांगतं.”

जाता जाता त्यांनी एक इशारा दिला. “विकायचं असेल तर मला विका. दुसरा कोणी घेईल तर त्या छिद्रांत नवी पट्टी बसवील. छिद्रं जुनी, कातडं जुनं, नाव तेवढं नवं. चीनच्या निशाणाचा एक तुकडा पाठीवर लावील आणि हम्पवरच्या एखाद्या शूराच्या नावानं चौपट किमतीला विकील. नाव नसलेलं खरं जाकीट म्हणजे लबाडाला कोरा स्टँप पेपर.”

मी जाकीट पिशवीत भरले. विकले नाही.

पुण्याला परतलो ते दिवाळीच्या तोंडावर. काकू वाती वळत बसली होती. मी तिला सगळा वृत्तांत दिला, पट्ट्यांचा आणि पावडरीचाही. ती मनापासून हसली. मग मी सहज म्हणालो, “आणि खिशाच्या कोपऱ्याला एक जुनी शिवण आहे म्हणे. आपल्या इकडच्या हाताची.”

“असणारच,” काकू म्हणाली. “शिवायलाच तर दिलं होतं त्यानं.”

“कुणी?”

“अरे, साहेबानं. खिसा उसवला होता. ह्यांच्या ओळखीचा एक मोची होता तिथल्या बाजारात. साहेब म्हणाला, बाबू, एवढं शिवून आण, दोन दिवसांनी नेतो. त्या दिवशी तो ते मेंढीच्या कातड्याचं जाड घालून गेला विमानात.”

“मग?”

“मग काय. नाही आला.”

तिने वात वळून ताटलीत ठेवली आणि दुसरा कापूस घेतला.

“हे चार दिवस ते जाकीट सांभाळत बसले. पाचव्या दिवशी कुणीतरी सांगितलं, विमान डोंगरात गेलं म्हणून. परत करायचं तर विचारणार, तुझ्याकडं कसं आलं. बावीस वर्षांचं पोर, घाबरले. आणि भीती गेली तोवर परत करायचे दिवसही निघून गेले.”

“पण ती भेटीची गोष्ट...”

“दिवाळीच्या पहाटे तुम्हा पोरांना काय सांगायचं? मेलेल्या माणसाचं अंगात घातलंय असं?”

मला काही बोलता येईना. थोड्या वेळाने मी नावाच्या पट्टीबद्दल विचारले. ती काकूनेच उसवली होती, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात. दुसऱ्याचं नाव छातीवर घेऊन हिंडवत नाही, असे काका म्हणाले. त्या साहेबाच्या आईकडे ती पाठवायची त्यांची फार इच्छा होती, पण पत्ता मिळाला नाही. पट्टी एका पत्र्याच्या डबीत ठेवली होती. १९६१ साली पानशेतचे धरण फुटले, वाड्यात पाणी शिरले, त्यात ती डबी गेली. जाकीट तेवढे माळवदावर टाकलेले असल्यामुळे वाचले.

“नाव काय होतं, काकू?”

“मला कुठं इंग्रजी येत होतं तेव्हा! लांब नव्हतं.” तिने अंगठा आणि तर्जनी यांत अंतर धरून दाखवले. “एवढंसं होतं.”

मग मी ते विचारले, जे विचारायला साठ वर्षे लागली होती. “काकू, त्या भाऊबीजेला मी सगळ्यांसमोर बोललो. काकांना फार लागलं का गं?”

“लागलं,” ती म्हणाली. “पण तुझा राग नाही आला. रात्री म्हणाले, पोरगं बरोबर बोललं. भेट नव्हतीच ती. आपण उगीच त्या माणसाला जिवंत घरी पाठवत होतो दर वर्षी.”

मी अमेरिकेला पुरावा आणायला गेलो होतो, काकांची गोष्ट खरी ठरवायला. ती खोटी निघाली. पण माझ्या वडिलांना वाटली तशीही ती खोटी नव्हती. आणि उसवलेल्या कोपऱ्यावरचे ते चार तिरपे टाके, ज्यांची किंमत बाजारात शून्य, तेच खरे बोलत होते.

म्हातारबुवांनी निरोप मागितला होता, कधी नाव सापडले तर कळवा म्हणून. मी त्यांना लिहिले की नाव सापडले नाही. खिसा का शिवला ते सापडले. काकूच्या पट्ट्या आहेत तशाच राहतील, हेही लिहिले.

त्या दिवाळीच्या पहाटे भावाच्या नातवाने फटाके लावताना ते जाकीट घालायचा हट्ट धरला. बाह्या लोंबत होत्या, कमरेची चॉकलेटी पट्टी गुडघ्यापर्यंत आली होती. “कुणाचं आहे?” त्याने विचारले. काकूने माझ्याकडे पाहिले. मी त्याला सगळे सांगितले, जसे झाले तसे. तो आठ वर्षांचा आहे. त्याने सगळे नीट ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला.

“मग त्या मोच्याचे पैसे कुणी दिले?”

“ह्यांनी दिले की,” काकू म्हणाली. “दोन आणे.”